न पुसला जाणारा निरोप

रोस्नेलीला सगळे एकच विचारत: याचा मालक कोण? मालक कुणी नाही, असं ती सांगे. मग तक्रार कुणाकडे करायची? कुणाकडेच नाही. एवढं झालं की समोरचा माणूस तिच्याकडे अशा नजरेने बघे, की ही बाई एक तर काहीतरी लपवतेय, नाहीतर हिला धड सांगता येत नाहीये. पॉलिटेक्निकमध्ये इतकी वर्षं पोरांना शिकवून जिचा आवाज कधी चढला नव्हता, तिला आता बाजारात भाजी घेतानाही घसा खाकरून बोलावं लागायचं.

सुरुवात मोठ्या भूकंपातून झाली होती. इंडोनेशियाच्या किनाऱ्यावरच्या पादांग शहरात त्या दिवशी घरं पडली ती पडलीच, पण रोस्नेलीच्या मनात राहिला तो त्यानंतरचा तास. मोबाइलचे टॉवर मुके झाले होते. समुद्र येतोय की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. सगळी किनारपट्टी मोटारसायकलींवर बसून एकाच रस्त्यावर आली आणि तिथेच अडकली. रोस्नेलीच्या मागे तिची आई बसली होती. मांदे म्हणायची ती आईला. मांदे एकसारखी विचारत होती, "कुणी काही सांगत का नाही?" आणि आजूबाजूच्या हजार माणसांच्या खिशात हजार फोन होते, पण एकालाही दुसऱ्याशी बोलता येत नव्हतं, कारण सगळ्यांना आधी कुठल्यातरी कंपनीच्या खांबाशी बोलावं लागत होतं.

हे तिच्या डोक्यात बरीच वर्षं घोळत राहिलं. शेवटी तिने आणि हेंद्रिवालने मिळून ते करायला घेतलं. हेंद्रिवाल एकेकाळचा तिचा विद्यार्थी, आता मोठ्या बाजारात फोनदुरुस्तीचं दुकान चालवणारा, दोन मुलींचा बाप. जगात कुणीकुणी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं सॉफ्टवेअर त्यांनी गोळा केलं, त्यावर आपलं रचलं आणि तेही तसंच खुलं ठेवलं. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, ज्याला बदलायचं त्याने बदलावं. त्यात दोनशे अक्षरांचा निरोप लिहायचा. दोन माणसं रस्त्यात एकमेकांच्या शेजारून गेली की त्यांच्या खिशातले फोन आपापल्याकडचे निरोप परस्पर देऊन टाकत. मधे कंपनी नाही, खांब नाही, सर्व्हर नाही. निरोप एका फोनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून दहावर, असे वस्तीभर फिरत. नाव ठेवलं 'लापाउ'. पुरुषमंडळी सकाळपासून जिथे कॉफी घेऊन गप्पा ठोकत बसतात, त्या टपरीचं नाव. बायका लापाउत कधीपासून बसायला लागल्या, असं रोस्नेलीच्या मामाने विचारलं होतं, पण फोनवर घेतलं त्यानेही.

त्यानंतर तिच्या आणि हेंद्रिवालच्या नाकी नऊ आले. बॅटरी वाचवायची म्हणून फोन या ॲपला झोपवून टाकत, आणि प्रत्येक कंपनीच्या फोनची झोपवायची तऱ्हा वेगळी. एकीकडे जागं केलं की दुसरीकडे झोपलंच. लोकांनी भूकंपासाठी केलेल्या त्या गोष्टीवर दुरियान फळांचे भाव आणि फुटबॉलची भांडणं लिहायला सुरुवात केली, त्याला तिची हरकत नव्हती. वैताग दुसराच होता. ॲप घेताना प्रत्येकाला बारा शब्द मिळत. हे शब्द म्हणजेच तुम्ही. ते कुठेतरी जपून ठेवा, फोन हरवला तर हेच शब्द घालून पुन्हा तुम्ही तुम्ही व्हाल, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असे. कुणी म्हणून ते जपत नसे. महिन्याभरात लोक दारात यायचे. शब्द गेले, नवीन द्या. मी कुठून देऊ, ते माझ्याकडे नाहीतच, असं ती म्हणे. बँक तर देते, असं ते म्हणत.

त्यात सुराबाया शहरातला एक जण होता. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. स्वतःला तो कचुबुंग म्हणवायचा, म्हणजे धोतरा. त्याने कोडमधल्या कितीतरी चुका काढून दिल्या होत्या, हे खरं. पण स्वल्पविरामावरूनसुद्धा तो तत्त्वाचं भांडण काढू शके, आणि काढे.

मग ते फाटकाचं झालं.

वस्तीच्या मागे टेकडी आहे. पाणी आलं तर वर पळायला सगळ्यात जवळची जागा तीच. टेकडीची वाट रोस्नेलीच्या कुळाच्या जमिनीतून जाते. जमीन घरातल्या बायकांची, पण तिची देखरेख मामाकडे, म्हणजे मांदेचा धाकटा भाऊ झुल्बाहरी याच्याकडे. कुळाचा तो दातुक, म्हणजे म्होरक्या. त्या वर्षी दुरियान भरपूर धरले होते आणि चोरही भरपूर लागले होते. दातुकने वाटेवर लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप ठोकलं. वाटेच्या तोंडाशी मासे विकणारी अस्नी राहते. वस्ती तिला एतेक म्हणते, मावशी म्हणावं तसं. एतेक अस्नीने ते पाहिलं आणि लिहिलं: 'टेकडीच्या वाटेला दातुकने कुलूप लावलंय. पाणी आलं तर तिकडे जाऊ नका, बायपासकडे पळा.'

दुपारपर्यंत तो निरोप वस्तीभर झाला. रोस्नेलीला मनातून आनंद झाला. मामाची गोष्ट होती म्हणून तिने तो कुणाला दाखवला नाही इतकंच. पण हे सगळं ज्यासाठी केलं होतं ते हेच होतं. दातुकची लापाउत बसायची सोय राहिली नाही. त्याने आठवड्याच्या आतच कुलूप काढलं आणि फाटक तारेने खांबाला उघडं बांधून टाकलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण निरोप फिरतच राहिला. बंद पडलेला एखादा फोन महिन्याने चालू झाला की त्याच्या पोटात तो असेच, आणि शेजारून जाणाऱ्याला तो लगेच देई. नव्याने ॲप घेणाऱ्याला सगळ्यात आधी तोच दिसे, कारण तोच सगळ्यात जास्त जणांनी पुढे पाठवलेला. निरोप मागे घ्यायचा तर तो लिहिणाऱ्यालाच घेता येई. आणि एतेक अस्नीचा फोन माशांच्या बर्फात पडून कधीच गेला होता. बारा शब्द तिने कुठेही ठेवलेले नव्हते. नव्या फोनवरून तिने लिहिलं, फाटक आता उघडं आहे. पण ॲपच्या लेखी ती आता दुसरीच कुणी अस्नी होती. लोकांनी विचारलं, ही कोण? कुणी म्हणालं, दातुकनेच अस्नीच्या नावाने लिहून घेतलेलं दिसतंय.

मामाने, मामाक म्हणायची ती त्याला, रोस्नेलीला मांदेच्या घरी बोलावलं. तो चटईवर मांडी घालून बसला होता, समोर अंडं फेटून घातलेला चहा. मांदे भिंतीला टेकून होती. पहिल्यांदा मामाने आडून आडून विचारलं, पॉलिटेक्निकचं कसं चाललंय, जावई, म्हणजे तिचा नवरा, बाताम बेटावरून कधी येणार. मग म्हणाला, "ते पुसून टाक."

"मला पुसता येत नाही, मामाक."

"तू केलंस ना हे?"

"केलं."

"मग?"

रोस्नेलीने पुन्हा सगळा पाढा वाचला. निरोप एका ठिकाणी नसतो. तो ज्याच्या त्याच्या फोनवर असतो. मामाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दातुकला तशी सवय असते.

"ज्या सुताराने दार बसवलं, त्याला ते उतरवता येत नाही, असं मी आजवर ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "मी कुलूप लावलं ही चूक होती. मी काढलं. माणसाने चूक सुधारली तरी ती गावभर बोंबलत फिरते, असं यंत्र तू केलंस. आणि ही नुसती माझ्या अब्रूची गोष्ट नाही. उद्या पाणी आलं आणि लोक माझ्या फाटकाला टाळून लांब गेले, तर?"

हे तर तिलाही रोज टोचत होतं, म्हणूनच तिचा जास्त संताप झाला.

"त्याच्या वयाकडे बघून तरी पूस गं," मांदे म्हणाली.

"मांदे, वयाचा काय संबंध."

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं झालं," मांदे म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने हे हेंद्रिवालला सांगितलं. तो एका फोनचं पोट उघडून बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "उनी, खरं सांगू का? आपल्याला पुसता येतं."

उनी म्हणजे ताई. त्याच्या तोंडी ते आलं की पुढे काहीतरी नको असलेलं येणार, हे तिला ठाऊक होतं.

"अपडेट आपोआप जातं. तुमच्या डिजिटल सहीचा बदल आला की सगळे फोन तो निमूट घेतात. त्यात दहा ओळी घाला: अमुक निरोप दिसला की फेकून द्या. आठवड्यात नाव राहणार नाही."

तिने त्याच्यावर आवाज चढवला. तो खोटं बोलत असता तर चढवला नसता. मालक कुणी नाही, असं ती इतके दिवस छातीठोकपणे सांगत होती, आणि मालक तर होता. तिच्या सहीवर सगळे फोन डोळे मिटून विश्वास ठेवत होते आणि हे तिला दिसलंच नव्हतं.

तरी तिने त्या दहा ओळी लिहिल्या. पॉलिटेक्निकच्या शिक्षकखोलीत, मधल्या सुट्टीत, दोन जुने फोन शेजारी ठेवून तिने करून पाहिलं. निरोप गेला. होता, आणि नाही. तिला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली. मग त्या बरं वाटण्याचीच तिला धास्ती बसली. फोन पिशवीत टाकून ती तासाला गेली आणि पोरांना भलतंच काहीतरी शिकवून आली.

दोन दिवसांत आणखी एक भर पडली. माझी भाची पुसणार आहे, असं मामा लापाउच्या टपरीत बोलून गेला होता. तेवढ्यावरून मच्छीमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष हातात केळ्यांचा घड घेऊन तिच्या घरी आले. बर्फाच्या वाटपाबद्दल काही नतद्रष्ट लोक काहीबाही लिहितात, असं त्यांचं म्हणणं. दातुकचं पुसतच आहात तर त्याबरोबर हे तीन निरोपही. तिने त्यांना केळ्यांसकट परत पाठवलं आणि त्या दहा ओळी खोडून टाकल्या. मामाचं नाही, यांचं नाही, कुणाचंच नाही.

मग तिने सरळ मार्ग धरला. ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं, स्वतः जाऊन फाटक बघा आणि जे दिसेल ते आपल्या नावाने लिहा. बऱ्याच जणांनी लिहिलंही. पण जुना निरोप शेकडो वेळा पुढे गेलेला, तो आपला वरच. निरोपांना वय असावं, जुने आपोआप गळून पडावेत, असं तिने कचुबुंगला लिहून पाहिलं. त्याचं उत्तर पानभर आलं. जे लोकांनी लिहिलं ते लोकांचं, त्याला मरण ठरवणारी तुम्ही कोण? शेवटी त्याने विचारलं होतं की तुमच्यावर घरून दबाव आहे का. तिने कपाळावर हात मारून घेतला. दबाव होता, पण त्याला जे वाटत होतं त्याच्या बरोब्बर उलट कारणासाठी ती हे मागत होती: घरच्यांसाठी हाताने काही पुसावं लागू नये म्हणून.

भूकंप झाला तो सकाळी, बाजार भरलेला असताना. पहिल्या भूकंपाएवढा नव्हे, पण माणूस उभं राहू शकणार नाही इतका. हलणं थांबलं तेव्हा रोस्नेली पॉलिटेक्निकच्या अंगणात होती. टॉवर गेले. पण तिच्या हातातला फोन थरथरायला लागला. मी बरी आहे. शाळा रिकामी केली. पूल ठीक आहे. कुणी रुस्दी सापडला तर सांगा, आई इथे आहे. निरोपांमागून निरोप. इतक्या वर्षांनी ते चाललं होतं. तिचे डोळे भरून आले, पण ते पुसायला वेळ नव्हता. ती मोटारसायकलवर बसून मांदेच्या घराकडे निघाली.

घर रिकामं होतं. म्हणजे मांदे टेकडीवर, असं धरून तिने गाडी तिथेच टाकली आणि वाटेला लागली. फाटक सताड उघडं होतं. फाटकाशी मामा उभा होता, डोक्यावरची टोपी गेलेली, घसा बसलेला. तो खालच्या रस्त्याकडे हात करकरून ओरडत होता, इकडे या, वाट मोकळी आहे. त्याच्या मागे वर चढणारे काही होते. पण खालच्या रस्त्यावरून माणसांचा लोंढाच्या लोंढा त्याच्याकडे बघत बायपासच्या दिशेने चालला होता. काही जण जाता जाता हातातला फोन त्याला दाखवत होते.

"मांदे वर आहे ना?" रोस्नेलीने विचारलं.

मामाने मान हलवून नाही म्हटलं. मग म्हणाला, "माझ्यासमोरून गेली. मी हाका मारल्या. तिने फोन बघितला आणि गेली."

मांदे सापडली ती दुपार कलल्यावर, बायपासच्या रस्त्याला लागायच्या बऱ्याच अलीकडे. गर्दीत रेटारेटी झाली होती आणि तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. रस्त्याकडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर ती बसली होती आणि कुणी अनोळखी बाई तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. समुद्र आलाच नाही. आला असता तर ती जागा पाण्याखाली जाणाऱ्यातली होती.

रोस्नेली तिच्यापुढे उकिडवी बसली. 

"तूच शिकवलंस," मांदे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त दमली होती. "अफवेवर जाऊ नको, फोनमध्ये बघ. झुल ओरडत होता ते मला ऐकू येत होतं. मला वाटलं, हा आपली अब्रू वाचवतोय."

घरी आल्यावर रोस्नेलीने हेंद्रिवालला बोलावून घेतलं आणि दोन गोष्टी ठरवल्या. एक, आपोआप जाणारं अपडेट बंद. तो बदल तेवढा जुन्या वाटेने, तिच्या सहीने शेवटचा जाईल, आणि त्यानंतर कुठल्याही फोनवर, ज्याचा फोन त्याने हो म्हटल्याशिवाय, काहीही बदलणार नाही. दुसरी, निरोपाला तीस दिवसांचं आयुष्य. त्यानंतर तो गळून पडेल. कुणाला तो अजून खरा वाटत असेल तर त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने तो पुन्हा लिहावा.

हेंद्रिवालने डोकं खाजवलं. "म्हणजे हा दुसरा बदल घ्यायला प्रत्येकाच्या दारात जाऊन हो म्हणा, हो म्हणा करायचं?"

"करायचं."

"उनी, ज्यांनी बारा शब्द जपले नाहीत, ते हे करणार?"

कचुबुंगने तर त्याच दिवशी सगळं कोड उचललं, वेगळं नाव दिलं आणि निरोप कधीच मरणार नाहीत अशी आपली प्रत काढली. तसं करायचा त्याला पूर्ण हक्क होता. सॉफ्टवेअरच्या परवान्यात तसं रोस्नेलीनेच लिहून ठेवलं होतं. वस्तीतली निम्मी तरुण पोरं त्याच्याकडे गेली. दोन्हींचे निरोप एकमेकांना कळत नव्हते, ते कळावेत म्हणून हेंद्रिवाल आता दुकान सोडून नवीनच काहीतरी जोडत बसला होता आणि दिवसभर कुणाशी बोलत नव्हता.

रोस्नेली दारोदार फिरली. एतेक अस्नीने मासा खवलत असतानाच अंगठ्याने हो दाबलं आणि काय दाबलं ते विचारलंही नाही. रोस्नेलीला त्याचाही राग आला. याचसाठी का तिने आपोआप बंद केलं होतं?

मामाने मात्र दाबलं नाही. तो म्हणाला, "आधी वाचून दाखव, काय बदललंय ते."

तिने वाचून दाखवलं.

"तीस दिवस कुणी ठरवले?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"हेंद्रिवालला."

"तो आपल्या कुळाचा नाही, वस्तीचाही नाही. आणि त्याला कारण विचारलं तर सांगता येईल?" मामाने चहाचा पेला बाजूला सरकवला. "सगळ्यांच्या फोनमधली गोष्ट आहे. सगळ्यांना बसवून ठरव. नाहीतर मी दाबणार नाही, आणि मी दाबलं नाही तर माझ्या सगळ्या घरांतलं कुणी दाबणार नाही."

तिला ओरडावंसं वाटलं. ही एक साधी संख्या आहे, मामाक, असं तिने सांगून पाहिलं. मग तर ठरवायला सोपं जाईल, असं तो म्हणाला.

बैठक मांदेच्या पुढच्या खोलीत झाली. चटया अंथरल्या, कसाव्याच्या कंदाच्या तिखट काचऱ्यांच्या ताटल्या फिरल्या. मामाने रीतीप्रमाणे लांबलचक सुरुवात केली. समुद्रावर जाणारे म्हणाले, आम्ही महिना महिना बाहेर असतो, परत येईपर्यंत आमच्याबद्दल काय लिहिलं होतं ते कळायलाच नको का? दोन महिने ठेवा. शाळेच्या बाईंना एक आठवडाच पुरे वाटत होता. कुणीतरी विचारलं की लग्नाची आमंत्रणं वेगळी धरता येतील का. कुणीतरी बर्फाच्या वाटपाचा विषय काढला आणि सोसायटीचे अध्यक्ष उठून बाहेर गेले. मतं मोजून टाका, असं रोस्नेली दोनदा म्हणाली. मतं मोजायची नाहीत, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं, असं तिला दोनदा सांगण्यात आलं. दुपारची नमाज झाली, पुन्हा सगळे बसले. मांदे गुडघ्यांना तेल चोळत सगळं ऐकत होती आणि एकदाच बोलली, की जे काय ठरवाल त्यात फाटकाबद्दलचं रोज नव्याने बघून लिहायचं काम झुलकडे द्या. तेवढं एक मात्र लगेच ठरलं.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांचं चाळीसवर एक झालं. मामाने सगळ्यांकडे बघून मान डोलावली, खिशातून चष्मा काढला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि हो दाबलं. मग रोस्नेलीकडे बघून म्हणाला, "झालं. आता बदल."

तिने सांगितलं की आत्ता दाबलं ते तीसचं होतं, चाळीसचं करून ती पुन्हा पाठवेल, तेव्हा परत दाबावं लागेल. मग कुणीतरी हसलं, आणि मामाने त्याच्याकडे बघितल्यावर ते थांबलं.

तिने तिथेच, चटईवर बसून, तिसाचे चाळीस केले. बदलाच्या टिपणात कारण लिहायची जागा असते. तिथे तिने लिहिलं: बैठकीत ठरलं. दुसऱ्या दिवशी दुकानात हेंद्रिवालने ते वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. चाळीसच का, त्यामागे काही हिशेब आहे का, असं त्याने विचारलं.

"साठवाले खाली येत नव्हते आणि आठवडावाल्या बाई वर येत नव्हत्या," रोस्नेली म्हणाली. "चाळीसवर आले तेव्हा एतेक अस्नी उठली. तिला घरी जाऊन मासे मिठात घालायचे होते, आणि ती उठल्यावर कुणाला पुन्हा बसायचा धीर झाला नाही."

हेंद्रिवालने 'बैठकीत ठरलं' ही ओळ तशीच राहू दिली आणि बदलावर आपलीही सही केली.